गच्चीवरची शाळा: फोन हाती घेऊन विज्ञान शिकायला सुरुवात कशी करावी

एका वर्षी जूनमध्ये पाऊस लांबला. विदर्भातल्या शाळा अजून उघडल्या नव्हत्या आणि आमच्या वस्तीतली पोरं दिवसभर कुलरसमोर फोन घेऊन पडलेली असायची. त्यांतल्या आठवीत जाणाऱ्या एका मुलीला मी विचारलं, "भर दुपारी तुझी सावली कोणत्या दिशेला पडते?"

"उत्तरेला," तिने क्षणात सांगितलं. "व्हिडिओ पाहिला ना सर मी. सूर्य दक्षिणेकडून जातो."

आम्ही गच्चीवर गेलो. एक मीटरची सरळ काठी रेतीच्या घमेल्यात उभी केली, ओळंबा लावून नीट केली आणि सव्वाबाराला पाहिलं. सावली जेमतेम चार सेंटीमीटर होती आणि ती दक्षिणेला पडली होती. पोरगी कितीतरी वेळ वाकून बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तो व्हिडिओ खोटा होता?"

खोटा नव्हता. दिल्लीसाठी तो खरा होता. दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे, त्यामुळे तिथे दुपारचा सूर्य कधीच डोक्याच्या उत्तरेला जात नाही. नागपूर साधारण २१.१५ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. २६ मेच्या सुमारास सूर्य बरोबर आपल्या डोक्यावर येतो, पुढे उत्तरेला सरकतो आणि परतताना १७ जुलैच्या सुमारास पुन्हा डोक्यावरून जातो. मधले सातेक आठवडे नागपूरकरांची भरदुपारची सावली दक्षिणेला पडते. हे ठाऊक असलेली माणसं मला फार थोडी भेटली आहेत, आणि तरी ते दरवर्षी आपल्या पायाशी घडतं.

त्या दिवसापासून मी शिकवण्याचा क्रम बदलला. आधी मी व्हिडिओ दाखवायचो, मग समजावून सांगायचो आणि वेळ उरलाच तर प्रयोग. मुलं माना डोलवायची, "समजलं" म्हणायची, आणि पंधरा दिवसांनी पाटी कोरी. आता क्रम असा: आधी अंदाज, मग मोजमाप, मग फोनचा पडदा. फोन मी टाकून दिलेला नाही, उलट आता त्याचा उपयोग कितीतरी जास्त होतो. कधी तो मोजायचं यंत्र असतो, कधी दूरच्या माणसाशी जोडणारा दुवा, आणि सगळ्यात शेवटी पुस्तक.

शाळेतली मुलं, त्यांचे आईवडील आणि शाळा सोडून वीस वर्षं झाली तरी ज्यांच्या डोक्यातले प्रश्न मिटले नाहीत अशी माणसं, या सगळ्यांना धरून पुढच्या पायऱ्या लिहिल्या आहेत. लॅपटॉप लागत नाही. घरात एकच फोन असेल आणि तो बाबा कामावर घेऊन जात असतील तर रविवार पुरतो.

पायरी पहिली: वही आणि एकच प्रश्न

दोनशे पानी वही घ्या. फोनमधल्या नोट्स नकोत. वहीत आकृती काढता येते, खोडलेलं दिसतं, आणि खोडलेलंच पुढे सगळ्यात कामाचं ठरतं.

पहिल्या पानावर एक प्रश्न लिहा. "मला भौतिकशास्त्र शिकायचं आहे" हा प्रश्न नव्हे. "पाळण्यात जाड मूल बसलं तर झोका हळू जातो का?" हा प्रश्न. "मे महिन्यात आवाज जास्त वेगाने जातो का?" हाही. चांगल्या प्रश्नाची खूण अशी की त्याचं उत्तर घरातल्या वस्तूंनी मिळण्यासारखं असतं आणि तुमचं मन एखाद्या उत्तराकडे आधीच कललेलं असतं. तो कल प्रश्नाखाली लिहून ठेवा: मला असं वाटतं, आणि या कारणाने वाटतं. तारीख टाका.

हा अंदाज लिहायची मुलांना फार लाज वाटते. चुकला तर काय, म्हणून पान झाकून बसतात. त्यांना सांगा की चुकलेला अंदाज खोडायचा नाही, त्याखाली फक्त रेघ मारायची. ज्या मुलांच्या वहीत अशा रेघा जास्त असतात ती वर्षाखेरीस पुढे गेलेली दिसतात, हा माझा गच्चीवरचा अनुभव आहे.

पायरी दुसरी: कुलूप टांगा

फोनला हात लावण्याआधी एक प्रयोग पूर्णपणे हाताने करा. दोरीला कुलूप बांधा आणि दाराच्या चौकटीतल्या खिळ्याला टांगा. झाला दोलक. कुलूप यासाठी की ते प्रत्येक घरात असतं, त्याला दोरी बांधायला कडी असते, आणि नंतर त्याच जागी शटरचं मोठं कुलूप लावून वजन वाढवता येतं.

खिळ्यापासून कुलपाच्या मध्यापर्यंत बरोबर एक मीटर अंतर ठेवा. थोडंसंच बाजूला ओढून सोडा, वीतभरापेक्षा कमी. वीस झोके मोजा आणि वेळ लावा. एका झोक्यात जाणं आणि परत येणं दोन्ही आलं. वीस झोक्यांना चाळीस सेकंदांच्या आसपास वेळ लागेल, म्हणजे एका झोक्याला दोन सेकंद. आता मोठं कुलूप लावा, पण आधी अंदाज लिहा. आमच्याकडे दहांतली आठ मुलं "हळू जाईल" किंवा "जोरात जाईल" लिहितात, आणि मोठ्या कुलपालाही तीच चाळीस सेकंदं लागतात. मग दोरी पाव मीटर करा. वेळ पावपट होत नाही, निम्मी होते: एका झोक्याला एक सेकंद. इथे थांबा. घाई करून सूत्र सांगू नका. लांबी चारपट केली की वेळ दुप्पट होतो, हे मुलांना स्वतः दिसेपर्यंत दोरी कमी-जास्त करू द्या. अर्धा तास जातो. जाऊ द्या.

त्यानंतर सूत्राला अर्थ येतो. मीटरमधल्या लांबीला ३९.५ ने गुणा आणि एका झोक्याच्या वेळेच्या वर्गाने भागा, की गुरुत्व त्वरण मिळतं. पुस्तकात ९.८ लिहिलेलं असतं. नागपूरचा अक्षांश आणि समुद्रसपाटीपासूनची सुमारे ३१० मीटर उंची धरली तर ते ९.७९ च्या जवळ यायला हवं. तुमचं ९.६ आलं, ९.९ आलं, तरी उत्तम. एका खिळ्यावर टांगलेल्या कुलपाने तुम्ही पृथ्वीची ओढ मोजली आहे.

उत्तर १०.९ च्या आसपास आलं तर चूक कुठे झाली ते मी न पाहता सांगतो: कुलूप सोडताना तुम्ही "एक" म्हणालात. सोडताना "शून्य" म्हणायचं असतं. "एक" म्हटलं की प्रत्यक्षात एकोणीसच झोके मोजले जातात. हे मुलांना सांगून ठेवू नका. चूक होऊ द्या आणि त्यांनाच शोधायला लावा.

लांबीची चूक आमच्या वस्तीत शिवणकाम करणाऱ्या एका काकूंनी पकडली. त्या गच्चीवर पापड वाळत घालायला आल्या होत्या. मुलं त्यांच्याच जुन्या टेपने दोरी मोजत होती. "ओढून राहिला ना बे तू टेप," त्या म्हणाल्या, "ताणला का वाढते तो. आणि जुना टेप खोटा असते, स्टीलच्या पट्टीशी लावून पाय आधी." मापनातली त्रुटी या विषयावर मी वर्गात चाळीस मिनिटं बोललो असेन, पण इतकं नेमकं बोललो नव्हतो. ब्लाउजच्या मापात अर्ध्या सेंटीमीटरची चूक झाली तर काय होतं हे त्यांना रोज कळतं. त्यानंतर त्या दर रविवारी येऊ लागल्या, आणि आता प्रश्न सगळ्यात जास्त त्यांचेच असतात. मुलांच्या बरोबरीने एक तरी मोठं माणूस शिकायला बसवा. शिकवायला नव्हे, शिकायला.

पायरी तिसरी: फोनला कान आहेत

आता फोन बाहेर काढा. फायफॉक्स नावाचं मोफत ॲप घ्या. जर्मनीतल्या आखेन शहराच्या तंत्रविद्यापीठाने ते तयार केलं आणि २०१६ मध्ये खुलं केलं. एकदा उतरवून घेतलं की इंटरनेट लागत नाही. फोन आडवा केला की पडदा फिरतो, कानाशी नेला की काळा होतो, या सगळ्यासाठी फोनमध्ये संवेदक बसवलेले असतात. हे ॲप त्या संवेदकांचे आकडे थेट तुमच्यापुढे ठेवतं. त्वरण मोजणारा संवेदक आणि मायक्रोफोन जवळपास प्रत्येक फोनमध्ये असतात. हवेचा दाब मोजणारा संवेदक मात्र बहुतेक महागड्याच फोनांत सापडतो. ॲप उघडलं की तुमच्या फोनला न जमणारे प्रयोग फिकट दिसतात, त्यामुळे वेगळं शोधत बसावं लागत नाही.

माझा आवडता प्रयोग ध्वनीच्या वेगाचा आहे. ॲपमध्ये आवाजावर चालणारं स्टॉपवॉच आहे: पहिल्या आवाजाला सुरू होतं, दुसऱ्याला थांबतं. दोन फोन घ्या आणि ते एकमेकांपासून बरोबर दहा मीटरवर ठेवा. गच्ची लहान असेल तर सकाळची गल्ली चालते. पहिल्या फोनजवळ एकाने टाळी वाजवायची. तो फोन लगेच सुरू होतो, दुसरा मात्र आवाज दहा मीटर चालून आल्यावर सुरू होतो. मग दुसऱ्या फोनजवळ टाळी: दुसरा लगेच थांबतो, पहिला उशिरा. दोन्ही फोनांवरच्या वेळांची वजाबाकी केली की आवाजाला वीस मीटर जायला लागलेला वेळ मिळतो. वीसला त्या वेळेने भागा.

या मांडणीत मला फार भावणारी एक गोष्ट आहे. आवाज एकदा इकडून तिकडे जातो आणि एकदा तिकडून इकडे, त्यामुळे वाऱ्याचा परिणाम आपोआप जवळजवळ पुसला जातो. हे मुलांना विचारून पाहा. एखादी तरी मुलगी रेल्वेच्या किंवा नावेच्या गणितावरून ओळखते.

आणि इथे नागपूरचं हवामान आपल्या मदतीला येतं. हवा तापली की आवाज वेगाने जातो, दर अंशाला सेकंदाला साधारण ०.६ मीटरने. डिसेंबरच्या पहाटे १२ अंशांत वेग सुमारे ३३९ मीटर असतो आणि मेमध्ये ४५ अंशांत सुमारे ३५९. वीस मीटरच्या प्रवासात हिवाळ्यात ५९ मिलिसेकंद लागतात आणि उन्हाळ्यात ५६. फरक तीनच मिलिसेकंदांचा, म्हणून दहा-दहा वेळा करून सरासरी काढा. समुद्रकाठच्या शहरात वर्षभर हवा इतकी बदलतच नाही. आपल्या उन्हाळ्याला आपण नावं ठेवतो, पण या प्रयोगासाठी तो सोन्यासारखा आहे.

कुलर बंद ठेवा, नाहीतर त्याच्याच घरघरीने स्टॉपवॉच सुरू होतं. मेमध्ये फोन उन्हात ठेवू नका, तापून बंद पडतो. पाण्याच्या टाकीच्या सावलीत ठेवा.

पायरी चौथी: काठी आणि सावली

काठीबद्दल सुरुवातीला सांगितलं, आता रीत सांगतो. एक मीटरची काठी ओळंब्याने उभी करा. साडेअकरापासून पाऊण वाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूने खूण करा आणि शेजारी वेळ लिहा. सगळ्यात आखूड सावलीची खूण म्हणजे तुमच्या गच्चीवरची खरी दुपार. काठीच्या बुंध्यापासून त्या खुणेपर्यंत रेघ ओढली की ती उत्तर-दक्षिण दिशा दाखवते, फोनमधल्या होकायंत्रापेक्षा जास्त विश्वासाने, कारण गच्चीतल्या सळ्यांमुळे होकायंत्र भरकटतं.

ही दुपार बाराला होत नाही. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर ठरलेली आहे आणि नागपूर ७९.१ अंशांच्या आसपास. दर अंशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्य आपल्याकडे साडेतेरा मिनिटं उशिरा पोचतो. त्यात पृथ्वीच्या लंबवर्तुळी कक्षेमुळे आणि कललेल्या आसामुळे वर्षभर थोडी पुढे-मागे होत राहते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला नागपूरची दुपार ११ वाजून ५७ मिनिटांनी होते, फेब्रुवारीच्या मध्यात १२ वाजून २८ मिनिटांनी.

वर्षातून चार तरी वेळा मोजा. २१ मार्चला आणि २३ सप्टेंबरला मीटरभर काठीची सावली सुमारे ३९ सेंटीमीटर येते. २१ जूनला चार, दक्षिणेकडे. २२ डिसेंबरला जवळजवळ ९९, म्हणजे काठीएवढीच सावली. या आकड्यांवर विसंबू नका, मोजा. आणि मुलांनी मोजून होईपर्यंत हा परिच्छेद त्यांना वाचायला देऊ नका.

२६ मेचा शून्य सावली दिवस आवर्जून करा, कारण १७ जुलैला बहुतेकदा ढग असतात. त्या दिवशी बारा वाजून दहा-अकरा मिनिटांनी सरळ उभ्या ग्लासची, बाटलीची, डब्याची सावली नाहीशी होते. पण मे महिन्यातली नागपूरची गच्ची हा गमतीचा विषय नाही. डोक्याला दुपट्टा, पायात चप्पल, जवळ पाणी, आणि एका वेळी दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ थांबायचं नाही. मधे खाली येऊन पन्हं प्यायचं. सूर्याकडे कुणीही, कधीही, थेट पाहायचं नाही. आपण सावली बघायला आलो आहोत.

पायरी पाचवी: आता पडदा

हाताने मोजून झालं, अंदाज चुकला, डोक्यात खळबळ उडाली, की व्हिडिओ बघायची खरी वेळ होते. तोच पाच मिनिटांचा व्हिडिओ आता वेगळा दिसतो, कारण आता तुम्ही त्यात काहीतरी शोधत असता.

व्हिडिओपेक्षाही मी फेट नावाच्या सिम्युलेशन्सकडे आधी पाठवतो. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात २००२ मध्ये कार्ल वीमन यांनी हा उपक्रम सुरू केला. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. ही सिम्युलेशन्स मोफत आहेत, त्यांतली कितीतरी मराठीत आहेत आणि एकदा उतरवून घेतली की नेटशिवाय चालतात. दोलकाचं सिम्युलेशन उघडा आणि तुमच्या कुलपाला चंद्रावर किंवा गुरूवर न्या. हे गच्चीवर जमत नाही, इथे पडदा खरोखर नवी वाट उघडतो. विजेच्या मंडलाच्या सिम्युलेशनमध्ये बल्बमधून वाहणारे इलेक्ट्रॉन दिसतात, आणि तार चुकीची जोडली तर आग लागते ती फक्त पडद्यावर. नियम तोच: बटण दाबण्याआधी वहीत अंदाज.

चॅटबॉटचं विचाराल तर तो वापरा, पण उत्तर मागायला नको. माझ्या फोनवरच्या एका चॅटबॉटला मी नागपूरच्या जूनमधल्या सावलीबद्दल विचारलं तेव्हा त्यानेही ठामपणे "उत्तरेला" सांगितलं होतं. स्थानिक गोष्टींत तो असा घसरतो, आणि घसरतानाही आवाज तितकाच खात्रीचा असतो. त्याऐवजी त्याला असं सांगा: "मी आज दोलकाचा प्रयोग केला. मला उत्तर सांगू नकोस, मला समजलं आहे का हे तपासायला पाच प्रश्न विचार." मराठीत लिहिलं तरी चालतं. याला तो फार चांगला आहे. न थकता, न रागावता विचारत राहतो, आणि "एवढंही येत नाही का" असं कधी म्हणत नाही. वर्गात हात वर करायला घाबरणाऱ्या मुलांसाठी ही मोठी गोष्ट आहे.

मराठीतून वाचायला मराठी विश्वकोश आणि बालभारतीची पुस्तकं, दोन्ही नेटवर मोफत आहेत. कॉलेजच्या पातळीवर गेलात तर आयआयटींच्या एनपीटीईएलवर संपूर्ण अभ्यासक्रम आहेत.

पायरी सहावी: वही मिटून

ही पायरी लहान आहे आणि सगळ्यात जास्त टाळली जाते. दुसऱ्या दिवशी वही मिटा, कोऱ्या पानावर काल काय केलं, काय आलं, का आलं ते आठवून लिहा. मग वही उघडून ताडून पाहा. तिसऱ्या दिवशी, आठवड्याने, महिन्याने पुन्हा.

पुन्हा वाचणं सोपं वाटतं, म्हणून आपण तेच करतो. २००६ मध्ये अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा त्यांना ४२ टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. परीक्षेच्या आदल्या रात्री घोकलेलं दिवाळीपर्यंत का टिकत नाही, ते यात दिसतं. आठवताना होणारा त्रास हीच मेहनत कामी येते.

पायरी सातवी: घराबाहेर

गांधीसागर तलावाजवळचं रमण विज्ञान केंद्र १९९२ मध्ये सुरू झालं, तिथलं तारांगण १९९७ मध्ये. बहुतेक घरांतून लोक तिथे एकदाच जातात आणि दोन तासांत सगळं बघून येतात. तसं करू नका. वहीतला एक प्रश्न घेऊन जा, एकाच उपकरणापाशी वीस मिनिटं बसा, त्याचं चित्र काढा. ज्यांचं नाव या केंद्राला दिलं आहे ते चंद्रशेखर वेंकट रमण तरुणपणी सरकारच्या वित्त खात्यात अधिकारी होते आणि काही काळ नागपुरात नोकरीला होते. कोलकात्यात असताना ते कचेरीच्या आधी आणि कचेरीनंतर प्रयोगशाळेत जात. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांना मी हे नेहमी सांगतो.

सकाळी अंबाझरीला जात असाल तर कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं मर्लिन ॲप घेऊन जा. पक्ष्याचा आवाज ऐकून ते नाव सुचवतं. इथेही आधी कान, मग ॲप. तांबटाची टुकटुक आणि सातभाईंचा कलकलाट आठ दिवसांत ओळखू येतो, आणि मग ॲप चुकलं की तुम्हाला कळतं.

दगडांची आवड असेल तर नागपूर फार भाग्यवान आहे. शहराच्या पश्चिमेला, सेमिनरी हिल्सकडे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा बेसॉल्ट आहे, आणि पूर्वेकडे त्याहून कितीतरी जुना, नाईस नावाचा पट्टेदार खडक. दख्खनच्या लाव्हाची पूर्वेकडची कड आपल्या शहराखालून जाते. एकोणिसाव्या शतकात स्टीफन हिस्लॉप हे मिशनरी हातोडी घेऊन टाकळीच्या परिसरात हिंडले आणि त्यांनी तिथले जीवाश्म जगापुढे आणले. हिस्लॉप कॉलेजला त्यांचंच नाव आहे. आज तुमच्या फोनवर उपग्रहाचा नकाशा आहे. तो उघडा, रंग कुठे बदलतो ते पाहा, आणि मग प्रत्यक्ष तिथे जाऊन दगड हातात घ्या.

पायरी आठवी: हैदराबादच्या मामाला फोन

सगळ्या पायऱ्या एकत्र आणणारा हा प्रयोग. साधारण बावीसशे वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये एराटोस्थेनीसने दोन गावांतल्या दुपारच्या सावल्यांवरून पृथ्वीचा घेर काढला होता. त्याच्याकडे फोन नव्हता, आपल्याकडे आहे. हैदराबाद नागपूरच्या जवळजवळ सरळ दक्षिणेला आहे आणि नागपूरच्या कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी तिथे नोकरीला आहे.

मामाला सांगा की मीटरभर काठी उभी कर आणि तुझी सगळ्यात आखूड सावली मोज. त्याची दुपार आपल्यापेक्षा दोन-तीन मिनिटांनी वेगळ्या वेळी येते, म्हणून घड्याळ बघून नव्हे, खुणा करूनच. २३ सप्टेंबरला नागपुरात ३८.७ सेंटीमीटरच्या आसपास येईल, हैदराबादला ३१.३ च्या. कॅल्क्युलेटरमधल्या टॅनच्या उलट्या बटणाने कोन काढा: २१.१५ आणि १७.४ च्या जवळ. टॅन शिकला नसाल तर कागदावर मोजपट्टीने काटकोन त्रिकोण काढून कोनमापकाने मोजा. फरक पावणेचार अंशांचा. पूर्ण वर्तुळाचे ३६० अंश, आणि दोन शहरांमधलं सरळ उत्तर-दक्षिण अंतर सुमारे ४१८ किलोमीटर. रस्त्याचं अंतर घेऊ नका, ते जास्त असतं. शाळेच्या नकाशावर पट्टी ठेवून प्रमाणावरून काढा. फोनवरचा नकाशा चालला असता, पण त्याला पृथ्वीचा घेर आधीच ठाऊक आहे, आणि ज्याला उत्तर माहीत आहे त्यालाच विचारून उत्तर काढणं मला पटत नाही.

त्रैराशिक मांडा. ४० हजार किलोमीटरच्या आसपास उत्तर येतं. सावलीत एक सेंटीमीटरची चूक झाली तर ते पाच हजारांनी बिघडतं, म्हणून काकूंचा सल्ला लक्षात ठेवा आणि स्टीलची पट्टी वापरा. मामालाही फोनवर तेच सांगा. आमच्याकडे पहिल्या वर्षी ४६ हजार आलं. कारण शोधायला चार दिवस लागले: तिकडची काठी किंचित कललेली होती. व्हिडिओ कॉलवर त्यांना कॅमेरा काठीच्या बुंध्याशी धरायला लावला तेव्हा ते दिसलं.

त्या दिवशी ढग आले तर काळजी नको. दुसऱ्या दिवशी करा, पुढच्या आठवड्यात करा. सूर्य रोज सरकतो, एका दिवसात आपली सावली पाऊण सेंटीमीटरने वाढते, पण तो दोन्ही शहरांसाठी सारखाच सरकतो, त्यामुळे दोन कोनांमधला फरक तोच राहतो. फक्त दोघांनी एकाच दिवशी मोजलं पाहिजे. आदल्या रात्री मामाला आठवण करून द्या, काठीला ओळंबा लावायला सांगा, आणि दोन्हीकडचे आकडे वहीत लिहून होईपर्यंत कुणी कुणाला आपलं माप सांगायचं नाही.